बुटकीच्या तोंडची चिंधी

बुटकी मला आवडायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना कोणी माझी कीव करायला लागेल आणि ती मला नको आहे. बुटकी म्हणजे आमच्या घरची ठासणीची बंदूक. आजोबांनी निजामाच्या अमलात पिकाच्या राखणीसाठी दरख्वास्त देऊन तिचा परवाना काढला होता. तेव्हा ती माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब होती म्हणे. पुढे एकदा नळीच्या तोंडात चिखल बसलेला असताना कोणीतरी बार काढला आणि तोंड फाटलं. बाबांनी फाटलेला भाग बोथ गावच्या लोहाराकडून कापून घेतला, लाकडी दस्ताही तासून घेतला, आणि मग उरली ती जेमतेम हातभर नळीची काळी, जाडजूड वस्तू. परवान्यात नळीची जुनी लांबी लिहिलेली होती, पण दरवर्षी तपासायला येणाऱ्या जमादाराला ती कधी दिसली नाही. त्याला आमची वांगी दिसायची. पिशवी भरून दिली की तो बुटकीकडे पाहून हसायचा आणि सही करून जायचा.

माझा भाचा नितीन, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, मला परवा विचारत होता, ‘आत्या, तुले त्या बंदुकीत एवढं काय आवडाचं?’ त्याच्या मोबाइलवर तो लांब नळीच्या, दुर्बिणी लावलेल्या बंदुका पाहत असतो. त्याला कसं सांगावं? लांब नळीची बंदूक नेम मागते. बुटकी काही मागत नव्हती. नळी आतून गुळगुळीत, न्हाणीतल्या पितळी तोटीसारखी, आणि तिच्या पोटात काहीही मावायचं. छर्रे घाला, मोडके खिळे घाला, चिंचोके घाला, खडे घाला. ती सगळं गिळायची आणि सुपातून धान्य पाखडावं तसं समोर उधळायची. मिरच्यांच्या ओळींतून चालताना ती कुठे अडकत नसे. मांडीवर आडवी घेतली की लेकरासारखी बसायची. माझी बोटं बारीक, म्हणून भरायचं काम माझ्याकडे होतं. आधी दारू, तिच्यावर चिंधी, मग गजाने ठोकायचं. सुरुवातीला ठस ठस असा पोकळ आवाज येई आणि ठोकता ठोकता तो घट्ट होत जाई. तो घट्ट झाला की माझ्या पोटात गोड कळ उठायची. दारूचा वास बोटांना रात्रीपर्यंत राहायचा आणि मी झोपताना हात नाकाशी धरायची. वर्गातल्या इतर पोरी मोगरा हुंगायच्या.

आमचा मळा बोथपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, ओढ्याला लागून. वांगी, मिरची, कोथिंबीर, आणि ओढ्याच्या बाजूला रताळी. घर मळ्यातच. बाबा, माय, बाबांचा धाकटा भाऊ किसनकाका, मी, आणि झोळीत भाऊ. विहिरीवरचं ऑइल इंजिन सकाळी सुरू झालं की दिवसभर धडधडायचं. आम्ही त्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचो, म्हणून आमच्या घरातली सगळी माणसं अजून मोठ्याने बोलतात. रताळ्यांना रानडुकरं यायची आणि वांग्यांना माणसं. डुकरांसाठी शिशाचे छर्रे, माणसांसाठी खडे मीठ. आता ठासणीच्या बंदुकीची गोष्ट अशी, की आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही, आणि भरलेला बार चार-चार दिवस तसाच राहतो. म्हणून बाबांनी एक रीत घातली होती. छर्ऱ्यांवर तांबडी चिंधी ठोकायची, मिठावर पांढरी, आणि चिंधीचं टोक दोन बोटं नळीच्या तोंडाबाहेर लोंबतं ठेवायचं. नळी एवढी आखूड होती म्हणूनच ते जमायचं. ‘तांबडी म्हंजे डुक्कर, पांढरी म्हंजे मानूस,’ बाबांनी मला शिकवलं. ‘चिंधी पाह्यल्याबिगर हात लावाचा नाई. आन चिंधीत चूक झाली तं तुये हात तोडीन.’ तांबड्या चिंध्या मायच्या जुन्या लुगड्याच्या असायच्या. त्या राखणीच्या खोपटातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या असत.

मीठ चुलीजवळच्या मडक्यातलंच. माय म्हणायची, ‘अवो, जपून घ्या, लोनच्याले लागते.’ एवढीच तिची हरकत. मिठाचा बार मांड्यांवर बसला की माणूस मरत नाही, पण आगीत उभा केल्यासारखा नाचतो. एकदा वांगी तोडणाऱ्या एका जवान गड्यावर बाबांनी बार काढला. तो दोन्ही हातांनी मागचं धोतर धरून तेलुगूत आईला हाका मारत ओढ्यात जाऊन बसला. संध्याकाळी जेवताना बाबांनी त्याची नक्कल करून दाखवली. किसनकाका ‘अम्मा, अम्मा’ करत भाकरीच्या परातीभोवती फिरला. माय तोंडाला पदर लावून हसत होती आणि मी एवढी हसले की वांग्याच्या भाजीचा रस नाकात गेला. ‘मीठ कमी हाय का भाजीले?’ असं मायने विचारलं की पुढे कितीतरी दिवस आम्ही हसून फुटायचो. आम्ही काही वाईट माणसं नव्हतो, असं लिहायला हात उचलला होता. पण हसलो होतो, आणि ते हसू चांगलं लांबलं होतं.

माझ्या वर्गात सुजाता होती. तिची आई शेवंताबाई आमच्याकडे निंदणीला यायची. सुजाताच्या पायात चप्पल नसे, पण वर्गात पहिली तीच, आणि मी दुसरी. कितीही रट्टा मारला तरी दुसरीच. त्या वर्षी निर्मल गावातल्या वसतिगृहाच्या शाळेसाठी परीक्षा होणार होती. तिथे राहणं, जेवण, पुस्तकं, आणि पुढे मास्तरकीचं शिक्षण. आमच्या शाळेतून एकीचीच निवड होणार हे हेडसारूंनी, म्हणजे हेडमास्तरांनी, सांगितलं होतं, आणि ती एक कोण हे कोणाला विचारावं लागत नव्हतं. शेवंताबाई मिरच्यांत वाकून निंदता निंदता मायला म्हणायची, ‘वहिनी, माई पोरगी निर्मलले गेली म्हंजे हे खुरपं मी ओढ्यात फेकून देईन.’ माय ‘फेकजो’ म्हणायची. मला ते ऐकून जीव नकोसा व्हायचा.

तरी सुजाता माझी मैत्रीण होती. शिवणाच्या तासाला रुमाल भरायचा होता आणि मला सुई धरता येईना. हातात गज घेणाऱ्या पोरीला सुई काय जमणार? सुजाताने माझा रुमाल चोरून भरून दिला. कोपऱ्यात जांभळ्या दोऱ्याचं एवढंसं वांगं, वर हिरवं देठ. ‘मळेवाल्याची पोरगी ना तू,’ म्हणाली. शिवणाच्या बाईंनी तो वर्गात उंच धरून वाहवा केली, मग उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘हा टाका सुजाताचा आहे. कमल, तुझा रुमाल कुठे आहे?’ सगळा वर्ग हसला. सुजाताही हसली, की हसू दाबताना तिचा चेहरा तसा झाला, ते मला आजही सांगता येत नाही. मी मात्र ठरवून टाकलं की हसली.

परीक्षेला चार दिवस होते. बोथचा बाजार होता म्हणून मी शाळा बुडवून घरी होते. किसनकाका बैलगाडीत वांग्यांची पोती रचत होता. त्याने जाता जाता मला हाक मारली, ‘कमे, रताळ्यात डुकराचे खूर दिसून राह्यले. बुटकीत छर्ऱ्याचा बार भरून ठेव.’ बाबा तहसीलच्या कामाला गेले होते. मी दारू भरली, छर्रे ओतले आणि चिंध्यांचा डबा उघडला तर त्यात तांबडी चिंधी नव्हती. मायला विचारलं. ती भावाला अंघोळ घालत होती. ‘जुनं लुगडं संपलं,’ म्हणाली, ‘तुयी रिबीन फाड थोडीशी.’ माझी रिबीन नवी, साटीनची, लालभडक, आणि मी ती निर्मलला परीक्षेला जाताना घालणार होते. मी ती फाडली नाही. दप्तरातून तो पांढरा रुमाल काढला. दाताने कड तोडून त्याची लांब पट्टी फाडली आणि भरलेला कोपरा आधी नळीत घातला. वांगं आत जाताना मी त्याच्यावर गज चांगला जोर लावून मारला. पांढरं टोक बाहेर लोंबत ठेवलं आणि बुटकी खोपटाच्या खुंटीला टांगली. बाबा आले की सांगू, असं मनात म्हटलं. ते मनात म्हटल्याचं मला पक्कं आठवतं.

भर दुपार. खोपटाच्या सावलीत मी भाकरी आणि ठेचा घेऊन बसले होते. बाबा सायकलवरून उतरले, घाम पुसला, आणि पाणी प्यायला तांब्या उचलला तेवढ्यात वांग्यांच्या ओळीत त्यांना झाड हललेलं दिसलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. ‘गप,’ मला म्हणाले. पानांच्या वर कोणाची तरी वाकलेली पाठ दिसत होती, डोकं दिसत नव्हतं. बाबांनी खुंटीवरून बुटकी काढली, पांढरी चिंधी पाहिली, आणि त्यांच्या मिशीखाली हसू आलं. ‘मिठाचा हाय. चाल, नाच दाखवतो तुले.’

माझ्या तोंडात घास होता. मी विसरले होते, असं मी पुढे खूप वर्षं स्वतःला सांगितलं, देवालाही सांगितलं. मी विसरले नव्हते. बाबांनी घोड्याखाली बार पेटवायची तांब्याची टोपी बसवली, घोडा मागे ओढला, दोन पावलं पुढे गेले, कमरेशी धरून बुटकी खाली वळवली. एवढ्या वेळात ‘बाबा, छर्रे हायेत’ हे तीन शब्द तीनदा म्हणून झाले असते. मी म्हटले नाहीत. मला पाहायचं होतं. मी स्वतः भरलेला शिशाचा बार माणसावर कसा बसतो, ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. ती सुजाता आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे आणि ते फारसं नाही.

बार सुटला. धूर वांग्यांवरून ओढ्याकडे सरकला. विहिरीवर इंजिन धडधडत होतं. कोणी नाचलं नाही. मग धुरातून एक हात वर आला, त्यात कागद होता. ‘कमल,’ सुजाता म्हणाली, ओरडली नाही, म्हणालीच, ‘तुयं परीक्षेचं तिकीट आनलं. हेडसारूनं देल्लं.’ आणि मग तिने आपला उजवा गुडघा पाहिला आणि ती ओरडायला लागली.

बाबा जवळ जाऊन उभे राहिले. ‘मिठानं एवढं रगत येत नाई,’ असं ते दोन-तीनदा म्हणाले, कोणीतरी त्यांना फसवल्यासारखं. शेवंताबाई मिरचीच्या शेतातून धावत आली. ‘भाऊ, पोरगी तुमच्या पोरीसाठी आली होती जी!’ बाबा म्हणाले, ‘मंग वाकून काऊन होती? चोरावानी?’ सुजाताच्या टाचेत काटा मोडला होता. तो काढायला ती वाकली होती. काटा अजून तसाच होता, माझ्या नजरेला तो आधी दिसला. बाबांनी आपल्या धोतराचा सोगा फाडून तिचा गुडघा बांधला, शेजारच्या मळ्यातून गाडी मागवली, आणि गाडीत चढता चढता शेवंताबाईला हळू आवाजात सांगितलं, ‘काटेरी तारीवर पडली म्हनजो. पोलीस आले तं तुयं बी काम जाईन, मायं बी लायसन जाईन.’ शेवंताबाई म्हणाली, ‘हो जी.’ तिने खुरपं अजून हातात धरलेलं होतं. बोथच्या डॉक्टरांनी निघाले तेवढे छर्रे काढले. दोन गुडघ्याच्या वाटीमागे राहिले.

संध्याकाळी किसनकाका बाजारातून आला तेव्हा बाबा ओसरीवर बसून होते. ‘बार कोनं भरला?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘म्या.’ ‘काय भरलं?’ ‘मीठ.’ माझा आवाज कापला नाही. ‘काकानं मंग बदलला असन. त्याले डुकरासाठी पायजे होता.’ काकाने माझ्याकडे पाहिलं. त्याला मला छर्रे भरायला सांगितल्याचं आठवत होतं, आणि मलाही आठवत होतं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. ‘कारे?’ म्हणून बाबांनी त्याच्या कानाखाली काढली. तो पंचविशीचा गडी होता, बाबांपेक्षा उंच. त्याने एका हाताने बाबांना उचलून ठेवलं असतं. तो फक्त म्हणाला, ‘चुकलं, दादा.’ महिन्याभरात तो निर्मलला गेला, लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका कारखान्यात लागला, आणि पुढे आमच्या घरी फक्त मयतीला आला. मी निर्मलला होते तेव्हा रविवारी वसतिगृहाच्या फाटकावर येऊन माझ्यासाठी रंगवलेला पोपट, हत्ती असं काहीतरी ठेवून जायचा. भेटायचा नाही.

मायला सगळं कळलं होतं. तिने त्या रात्री सगळ्यांना वाढलं आणि माझ्या वेणीकडे एकदा पाहिलं. सकाळी उठले तर माझी रिबीन कोनाड्यात नव्हती. खोपटातला पत्र्याचा डबा उघडला. आत ती लाल साटीन बोटाबोटाच्या पट्ट्या करून नीट घडी घालून ठेवलेली होती. बाबांनी दुसऱ्या दिवसापासून शेवंताबाईच्या दारात रोज भाजीची टोपली ठेवायला सुरुवात केली. तिने एकाही टोपलीला हात लावला नाही. भाजी तिथेच सुकायची, शेळ्या खायच्या. बाबा म्हणायचे, ‘माज पाह्य.’

परीक्षेला मी गेले. जे तिकीट सुजाताने रक्ताच्या हाताने धरलं होतं त्याच तिकिटावर गेले. कोपऱ्यावर तपकिरी डाग होता. पर्यवेक्षकांनी तो पाहिला आणि विचारलं, ‘चहा सांडला का?’ मी हो म्हटलं. गणिताचा पेपर सोपा होता, सुजाताला पैकीच्या पैकी मिळाले असते. मला पुरेसे मिळाले. मी निर्मलला राहिले, मास्तरीण झाले, पस्तीस वर्षं पोरींना शिकवलं, नीतीच्या गोष्टी सांगितल्या. सुजाता दोन वर्षं घरी होती. मग बाहेरून परीक्षा देत देत, काठी टेकत टेकत शिकली आणि शेवटी कारकून म्हणून लागली. शेवंताबाईचं खुरपं ओढ्यात गेलं नाही. हात चालले तोवर तिने आमचीच मिरची निंदली.

आता अलीकडचं. बाबांच्या मागे बुटकी बरीच वर्षं ठाण्यात जमा होती. नितीनने खटपट करून तिचा परवाना आपल्या नावावर करून घेतला. ती घरी येणार असं कळलं तेव्हा मी बोथला सुजाताकडे गेले. आम्ही दोघीही आता साठीच्या पार. तिने खुर्ची दिली, स्वतः पाय लांब करून पलंगावर बसली. मी पाठ केलेलं बोलायला लागले तर तिने हात वर केला. ‘मले मालूम हाय, कमल. त्या दिवशीच मालूम झालं. माया परकराले तुया रुमाल चिकटला होता, जळलेला. मीच भरलं होतं ते वांगं.’ मी विचारलं, ‘मंग सांगतलं काऊन नाई?’

‘कोनाले सांगू? आन सांगून काय होनार होतं?’ ती म्हणाली. ‘माया पाय सरळ झाला असता, का तुया वाकडा?’

मी विचारलं, तो रुमाल अजून आहे का. आम्हा म्हाताऱ्यांना अशा वस्तू जपलेल्या आवडतात. ‘नाई वो,’ सुजाता म्हणाली, ‘दुसऱ्या दिवशी चूल पेटवाले कामी आला.’ मग तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं. ‘माफी मागाले आली असशीन तं चहा पे आन जाय. माफी मायापाशी नाई.’ चहा चांगला होता, आलं घातलेलं. मी पूर्ण प्यायले. निघताना ती दारापर्यंत आली नाही, तिचा गुडघा थंडीत आखडतो.

घरी आले तर नितीन ओसरीवर बुटकी मांडीवर घेऊन बसलेला. ‘आत्या, हे भरलेली तं नसन ना? बाहेरून कसं समजाचं?’ मी त्याच्या हातातून ती घेतली. वजन तेच. दस्त्याला बाबांच्या तळव्याचा गुळगुळीतपणा तसाच होता. गज उचलला, नळीत सोडला, आणि तो तळाला जाऊन टण् वाजला. रिकामी. मग उगीचच पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. टण्. पुन्हा. बोटांना कुठलासा जुना वास आला आणि मी ती नकळत नाकाशी नेली.

‘आत्या,’ नितीन म्हणाला, ‘तू हासून राह्यली.’

मी हसतच होते.